मेसालामाइन सुरू केल्यापासून डोकं दुखतंय, पोट गुबारतंय. कुणाला असा अनुभव?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. आरोग्य विभागात माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात कोलोनोस्कोपी झाली. निदान: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा), डाव्या बाजूपुरता. त्याआधी बरेच दिवस संडासवाटे रक्त आणि आव पडत होती आणि एका दवाखान्यातून मूळव्याधीचं मलम चालू होतं. आता १.२ ग्रॅमच्या मेसालामाइनच्या दोन गोळ्या, रोज सकाळी नाश्त्यानंतर. रक्त थांबलंय, हे आधीच सांगतो. तक्रार वेगळीच आहे.

दुपारी बाराच्या सुमारास दोन्ही कानशिलं ठणकायला लागतात. पोटात गुबारा धरतो, ऑफिसात चारचौघांत बसणं अवघड होतं. कंगव्यात केस जास्त दिसतात. परवा तर संडासात गोळीचं टरफल दिसलं. म्हणजे औषध अंगी लागतच नाही की काय?

त्यात खोक्यातला कागद वाचायला घेतला. किडनी, स्वादुपिंड, हृदयाचं आवरण, फुप्फुस, यकृत... एकही अवयव सोडलेला नाही. गडहिंग्लजहून मामी आल्या होत्या, त्यांनी निकालच लावला: "ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, बंद कर, कुड्याची साल उगाळून घे." डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे. फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर आलं, जास्त त्रास असेल तर दाखवायला या. आता 'जास्त' म्हणजे किती, हेच तर विचारायचं होतं.

ज्यांनी हे औषध वर्षानुवर्षं घेतलंय त्यांनी सांगा: यातलं काय सोसायचं आणि कशाला घाबरायचं?

रंकाळ्यावरचा_वारा

सर्वात आधी, मामींना माझा नमस्कार सांगा, पण हे स्टेरॉइड नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वेगळं, हे वेगळं. मेसालामाइन हे ॲस्पिरिनच्या भाऊबंदांतलं औषध आहे, सॅलिसिलेट गटातलं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसून सूज उतरवतं. चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे स्टेरॉइडचे भोग यात नाहीत.

मी बरीच वर्षं घेतोय. डोकेदुखी, मळमळ, गॅस हे सुरुवातीचे पाहुणे आहेत, बहुतेकांचे काही आठवड्यांत जातात. मला गोळी रिकाम्या पोटी घेतली की व्हायचं. नाश्ता म्हणजे चहा-खारी असेल तर तो नाश्ता धरू नका. मी भाकरी-भाजी खाऊन घ्यायला लागलो तेव्हा फरक पडला.

टरफलाचं टेन्शन सोडा. आतलं औषध सुटून जातं आणि नुसतं कवच बाहेर पडतं. मात्र आख्खीच्या आख्खी, न फुटलेली गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगा.

मेडिकल_काउंटर_राजारामपुरी

वरच्या प्रतिसादाला +१. काउंटरच्या या बाजूने थोडं सांगतो.

मेसालामाइन साधं गिळलं तर लहान आतड्यातच शोषलं जातं, जिथे सूज आहे तिथे पोचतच नाही. म्हणून बऱ्याच गोळ्यांवर असं आवरण असतं की ते जठरातल्या आम्लात टिकतं आणि लहान आतड्याच्या शेवटाला पीएच ६-७ च्या घरात गेला की विरघळतं. काही प्रकारांत बारीक दाणे असतात, ते वाटेत हळूहळू औषध सोडत जातात. त्यामुळे गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. आमच्याकडे एक आजोबा येतात, "गोळी लई मोठी हाय, खलबत्त्यात घालून मधातनं घेतो" म्हणाले. म्हटलं, आजोबा, मग तुम्ही नुसता मध घ्या. गिळायला जमत नसेल त्यांच्यासाठी दाण्यांचं सॅशे मिळतं, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

दोन गोष्टी गिऱ्हाइकाला आम्हीच सांगायला हव्यात आणि गर्दीत राहून जातात. एक, ॲसिडिटीचं पातळ औषध आणि ही गोळी एकदम घेऊ नका. काही प्रकारांत आवरण वेळेआधीच सुटू शकतं. दुसरी महत्त्वाची: डोकं दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक असलं काही मागू नका. पेनकिलरने कोलायटिस उसळू शकतो, आणि मेसालामाइनसोबत किडनीवर दुहेरी भार पडतो. डोक्याला पॅरासिटामॉल, तेही मापात. गुडघेदुखीची पुडी देणारे बहाद्दर आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्या पुडीत काय असतं ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पेठेतला_पैलवान

भावांनो मी पण याच गोळीवर. मला डोकं बिकं काय दुखलं न्हाई. पण परवा रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.४ आलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. आई म्हणती किडनी गेली. रोज तालमीत जातो, सकाळी प्रोटीन पावडर, वर क्रिएटिन. गोळीनं झालं का ते सांगा की कुणीतरी.

लॅबवाला_काका

पैलवान, तुमच्यासाठी आणि धागाकर्त्यासाठी एकत्रच लिहितो, कारण या औषधाची खरी लक्ष ठेवायची जागा हीच आहे.

मेसालामाइनने क्वचित किडनीच्या आतल्या पेशीजालाला सूज येते, इंटरस्टिशियल नेफ्रायटिस म्हणतात. क्वचित म्हणजे खरंच क्वचित. पण ती गुपचूप येते. ना कंबर दुखते, ना पाय सुजतात, ना लघवीला काही होतं. माणूस धडधाकट हिंडत असतो आणि क्रिएटिनिन ०.९ वरून १.१, मग १.३ असं जिना चढत असतं. लवकर सापडलं, गोळी थांबवली, तर किडनी बऱ्याचदा सावरते. उशीर झाला तर कायमचं नुकसान राहू शकतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एक क्रिएटिनिन, पहिल्या काही महिन्यांत पुन्हा, नंतर निदान वर्षातून एकदा, सोबत लघवीची साधी तपासणी. माझ्याकडे येणाऱ्या कोलायटिसच्या पेशंटांपैकी कितीतरी जण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (सुजेची तपासणी) नेमाने करतात, पण क्रिएटिनिनचा कॉलम कोराच असतो. चिठ्ठीत नसेल तर डॉक्टरांना आठवण करा, त्यात त्यांचा अपमान होत नाही.

आणखी एक: आकडा "नॉर्मल रेंजमध्ये" आहे एवढ्यावर समाधान मानू नका. स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. ०.७ वाली बाई १.१ ला पोचली तर कागदावर ठळक अक्षर येत नाही, पण बदल मोठा आहे.

आता पैलवान. क्रिएटिनिन हा स्नायूंमधूनच येतो. पिळदार अंग, क्रिएटिनची पावडर आणि आदल्या रात्रीचं मटण, तिन्हींनी आकडा वर जातो. शिजलेल्या मांसातूनही क्रिएटिनिन मिळतं. कोल्हापुरात रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून सोमवारी सकाळी रक्त देणारे कमी नाहीत. पावडर थांबवा, आदल्या दिवशी मटण नको, तालमीतून थेट लॅबमध्ये नको, पाणी नीट पिऊन या आणि परत तपासा. आणि डॉक्टरांना पावडरीचं खरं सांगा. आकडा तरीही वरच राहिला तर ते बघतील पुढे. तोवर "पैलवानाचं असंच असतं" म्हणून फाईल बंद करू नका. स्नायूंच्या आड खरा आजारही लपतो.

पेठेतला_पैलवान

काका जिंकलंसा. पावडर बंद आजपासनं. मटणाचं अवघड हाय पण बघतो.

सातेरीची_सून

इथे सगळे "सुरुवातीला होतं, मग जातं" म्हणत आहेत, ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही असेल. पण माझ्या धाकट्या बहिणीचं उलटं झालं, म्हणून लिहिते.

तिला ही गोळी सुरू केली. आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग पोटात पिळे, ताप, अंगावर पुरळ, आणि रक्त आधीपेक्षा जास्त. आम्ही नेलं त्या रुग्णालयात आजार उसळलाय म्हणून डोस दुप्पट केला. त्याने आणखी वाढलं. बारा-पंधरा वेळा संडासला, रात्री बाथरूमच्या दाराशीच उशी घेऊन झोपायची पोर. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला: गोळी सुरू व्हायच्या आधी जास्त होतं की नंतर? गोळी बंद केली, दोन-तीन दिवसांत ताप उतरला, पोट निवलं. हे औषधच न सोसण्याचं लक्षण होतं, मूळ आजार नव्हे. पुन्हा कधी सुरू करू नका असं फाईलवर लाल पेनाने लिहून दिलंय.

धागाकर्त्यांना घाबरवायचं नाहीये. तुमचं रक्त थांबलंय, म्हणजे तुमचं तसं नाही. पण नवीन कुणी वाचत असेल तर हे माहीत असावं.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

सातेरीची_सून यांनी लिहिलं ते महत्त्वाचं आहे. याला असहिष्णुतेची तीव्र प्रतिक्रिया म्हणता येईल. चाचण्यांमध्ये सुमारे ३ टक्के रुग्णांत ती दिसली आहे. अडचण अशी की पोटात कळा, रक्तमिश्रित जुलाब, ताप, डोकेदुखी, पुरळ ही तिची लक्षणं आणि आजार उसळण्याची लक्षणं एकमेकांवर इतकी बसतात की कसलेला डॉक्टरही फसतो. गोळी नवी असताना त्रास वाढला तर गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, रक्त कधी वाढलं, हे कागदावर लिहून न्या. तो कागद रिपोर्टइतकाच कामाचा असतो.

शाहूपुरीकर, तुमचा "जास्त म्हणजे किती" हा प्रश्न रास्त आहे. रिसेप्शनवर याचं उत्तर मिळायला हवं होतं. माझ्या मते, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही: छातीत दुखणं किंवा दम लागणं (हृदयाच्या स्नायूला वा आवरणाला सूज, दुर्मीळ, पण या औषधाने होते), बेंबीच्या वर जोरात दुखून पाठीत कळ जाणं आणि उलट्या (स्वादुपिंड), ताप आणि घसा सतत खराब किंवा अंगावर आपोआप काळे-निळे डाग (रक्तपेशी), डोळे पिवळे, तोंडात फोड किंवा कातडी सोलणारं पुरळ, लघवी एकदम कमी होणं. यांत गोळीचा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दाखवायचं. छातीचं असेल तर सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो नाहीतर खासगी, थेट कॅज्युअल्टी. तिथे "मी मेसालामाइनवर आहे" हे आपण होऊन सांगा. ईसीजी बघणाऱ्याच्या ते मनात येईलच असं नाही.

तुमची डोकेदुखी आणि गॅस या यादीत बसत नाहीत. ते फोनवर किंवा पुढच्या भेटीत बोलण्यासारखं आहे.

केसांबद्दल: औषधाने केस गळाल्याच्या नोंदी आहेत, पण मोठं आजारपण आणि रक्त जाऊन लोह कमी झालं की दोन-तीन महिन्यांनी केस असेच गळतात. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघा.

निसर्गमित्र_पन्हाळा

सगळी अलोपॅथी किडनी खाते हे वर काकांनीच कबूल केलं. कुड्याची साल, बेलफळाचा मुरांबा आणि ताक. आमच्या आजोबांनी अख्ख्या वाडीची आव बरी केली. नाव मोठं गोळीचं आणि लक्षण खोटं.

रंकाळ्यावरचा_वारा

आव बरी केली असेल, मान्य. आवेचा जंतू वेगळा आणि हा आजार वेगळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते, तिथे जंतू मारून काही उपयोग नाही.

आणि गोळी सोडल्याचे परिणाम मोजलेले आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या अभ्यासात कोलायटिस शांत असलेले ९९ जण होते, सगळे मेसालामाइनवर. नियमित घेणाऱ्यांत आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, टाळाटाळ करणाऱ्यांत ३९ टक्के. काकांनी लिहिलंय ते 'तपासत राहा' असं आहे, 'फेकून द्या' असं नाही. परत वाचा.

निसर्गमित्र_पन्हाळा

आकडेवारी आम्हालाही देता येते.

रंकाळ्यावरचा_वारा

द्या की मग.

जुना_सल्फावाला

हा वाद इथे कायमचाच, चालू द्या. मी जरा जुन्या जमान्यातला. मला पहिल्यांदा सल्फासॅलाझिन दिलं होतं आणि अजूनही काहींना देतात, कारण स्वस्त आहे आणि सांधे धरले असतील तर त्यालाही चालतं. कुणाच्या चिठ्ठीवर ते असेल तर वरचे बरेच दुष्परिणाम जास्त दिसतील: मळमळ, डोकेदुखी, सल्फाची ॲलर्जी. लघवी केशरी होते, घामही पिवळट. कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतो. फॉलिक ॲसिड सोबत घ्यावं लागतं. पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते. गोळी बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते, पण मूल होत नाही म्हणून देवदेव आणि तपासण्या करत फिरण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

यामागची गोष्ट मला फार आवडते. सल्फासॅलाझिन १९४० च्या आसपास स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी पुढे आणलं. आतड्याला गुण येतो हे रुग्णांमध्ये दिसलं. या गोळीत दोन औषधं एका रासायनिक कडीने जोडलेली, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती कडी तोडतात. पण दोघांतलं कामाचं कोणतं? १९७७ मध्ये ऑक्सफर्डला आझाद खान (हे बांगलादेशचे), पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी सल्फासॅलाझिन आणि त्याचे दोन्ही तुकडे रुग्णांना वेगवेगळे एनिमातून देऊन बघितले. गुण ५-एएसएने, म्हणजे आजच्या मेसालामाइनने आला. सल्फाचा तुकडा बहुतांशी नुसता त्रासाचा धनी निघाला. तेव्हा तुम्ही मंडळी अर्धा त्रास वगळून औषध घेताय.

प्राजक्ता_इचल

वाचनखूण साठवली. कुणी बोलत नाही असं एक विचारते. मी सकाळी लघवीला गेले आणि भांड्यात लालसर तपकिरी रंग. हातपाय गळाले. किडनीबद्दल वाचलेलं होतंच. नवऱ्याने गाडी काढली, लॅबमध्ये लघवी दिली तर रिपोर्ट एकदम साफ, रक्ताचा थेंब नाही. दुसऱ्या सकाळी परत तेच. हे काय असेल?

लॅबवाला_काका

संडासात काय टाकता?

प्राजक्ता_इचल

म्हणजे? ते ब्लीचवालं लिक्विड. रात्री भांड्याच्या कडेने ओतून ठेवते, सकाळी ब्रश मारते.

लॅबवाला_काका

तेच कारण असणार. हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचशी या औषधाचे लघवीतले अंश भेटले की लालसर तपकिरी रंग येतो. मेसालामाइनच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे, पण ते इतक्या बारीक अक्षरात असतं की कोण वाचणार. स्वच्छ, पारदर्शक डबीत लघवी घेऊन उजेडात धरा. डबीत नेहमीचा पिवळा रंग आणि भांड्यात लाल, म्हणजे ब्लीचचा खेळ. डबीतही लाल दिसलं तर मात्र तपासणीला या.

प्राजक्ता_इचल

डबीत पिवळी!! काका, तुमचे उपकार. नवरा म्हणतोय पेट्रोलचे पैसे लिक्विडच्या कंपनीकडून मागू का.

मेडिकल_काउंटर_राजारामपुरी

प्राजक्ताताई, लघवीचा विषय निघालाच आहे तर पाणी भरपूर प्या. या औषधाचेच खडे किडनीत झाल्याची उदाहरणं आहेत आणि ते एक्स-रेत किंवा नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. उन्हाळ्यात लूमवर काम करणाऱ्यांनी तर विशेष.

ज्यांना एनिमा दिलाय त्यांच्यासाठी: झोपताना, डाव्या कुशीवर, जुनी चादर घालून. कपड्यावर, फरशीवर डाग पडतो तो निघता निघत नाही. काही एनिमात सल्फाइट असतं, दमा असलेल्यांना त्याने धाप लागू शकते, आधी सांगा. लाज वाटते म्हणून बरेच जण एनिमा घेऊन जातात आणि कपाटात ठेवतात. खालच्या बाजूच्या सुजेवर एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी) तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. शाहूपुरीकर, तुमचा डाव्या बाजूचा आहे, डॉक्टरांना विचारून बघा.

कागलची_लेक

माझा प्रश्न छोटा आहे. दिवस राहिलेत, गोळी चालू ठेवू का? सासूबाई बंद कर म्हणतात.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर

स्वतःहून बंद करू नका. मेसालामाइन गरोदरपणात साधारणपणे चालू ठेवलं जातं. आजार उसळला तर त्याचा बाळाला होणारा धोका जास्त. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटाचे डॉक्टर दोघांनाही आत्ताच कळवा. सासूबाईंना भेटीला सोबत न्या, घरात वाद कमी होतील.

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. डॉक्टरांना भेटून आलो. तारखेआधीच गेलो आणि थेट आत विचारलं. गोळी तीच ठेवली आहे, जेवणानंतर घ्यायला सांगितलं. डोकं आता मधूनच दुखतं, पहिल्यासारखं रोज नाही. गुबारा आहे, पण कमी. रात्रीचा एनिमा वाढवून दिलाय. कपाटात ठेवणार नाही, वचन.

क्रिएटिनिन माझ्या चिठ्ठीत खरंच नव्हतं. म्हटल्यावर लगेच लिहून दिलं. ०.९ आलं, तो आता माझा पायाचा आकडा. फेरिटिन मात्र तळाला गेलेलं, म्हणजे केसांचं कोडं बहुधा तिथेच. लोहाच्या गोळीने पोट बिघडलं तर शिरेतून देऊ म्हणाले. मामींना फोन करून स्टेरॉइड नाही हे सांगितलं. त्यांनी कुड्याची साल कुरिअरने पाठवली आहे.

पेठेतला_पैलवान

माझं पण झालं. पावडर बंद, मटण बंद, परत तपासलं: १.२. लघवी साफ. डॉक्टर म्हणाले बरं हाय, पण स्नायू जास्त असल्यानं या आकड्यावर पुरता भरवसा नको, एकदा सिस्टॅटिन-सी (किडनीचीच दुसरी रक्ततपासणी) करून घेऊ, त्याच्यावर अंगातल्या मासाचा फारसा परिणाम होत न्हाई म्हणे. काका, ती तुमच्याकडं होती का?

लॅबवाला_काका

होते. सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, रिपोर्टला दोन दिवस. उपाशीपोटी यायची गरज नाही. येताना जुना रिपोर्ट आणा.